शेठ वालचंद हिराचंद : जमिनीत रोवलेले भांडवल

आपल्या हुमड समाजातील ज्या पुरुषांचे नाव घेतले असता समाजाबाहेरील माणूसही आदराने मान लववितो, त्यांत शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी आगबोटी चालविल्या, विमानांचा कारखाना काढला, मोटारी तयार केल्या, माळरानावर साखर पिकविली, ही नामावली आपल्या घराघरांतून मुलांस तोंडपाठ असते. तथापि नामावली पाठ असणे निराळे आणि त्या कार्याचे मर्म ध्यानी येणे निराळे. या स्मरणिकेच्या निमित्ताने शेठजींच्या चरित्राकडे आम्ही एका विशिष्ट बाजूने पाहण्याचे योजिले आहे. ज्या धंद्यांत यंत्रे व इमारती यांत प्रचंड पैसा आधी गुंतवावा लागतो आणि ज्यांचे फळ वर्षानुवर्षे हाती येत नाही, अशाच धंद्यांकडे हा सोलापूरच्या पेढीवर वाढलेला पुरुष का वळला, त्यात त्याने काय मिळविले आणि काय गमावले, हा आमच्या विवेचनाचा विषय आहे.

आपला परंपरागत व्यवसाय व्यापाराचा व देवघेवीचा. त्यातील पैसा चालता असतो. कापूस घेतला, विकला, की पैसा मोकळा झाला. कर्ज दिले, सुगी आली, की वसुली झाली. एखादा सौदा अंगावर आला तरी पुढच्या हंगामात तो भरून काढता येतो आणि एका पेठेत मंदी आली तर दुसरी पेठ गाठता येते. कारखान्याचा पैसा मात्र बसता असतो. पाया खणला, यंत्र रोवले, धुराडे उभे राहिले, की तो पैसा तेथेच अडकला. उद्या बाजार फिरला म्हणून भट्टी उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही, आणि बंद पडलेले यंत्र विकू म्हटले तर मोडीचा भाव येतो. कारखाना चालो वा न चालो, व्याज व घसारा यांचे चक्र अखंड फिरतच राहते. शेठजींचा मोठेपणा समजण्यास हा भेद आधी समजला पाहिजे.

शेठजींचे पूर्वज सौराष्ट्रातील वांकानेरचे. ते प्रथम फलटणास आणि तेथून सोलापुरास येऊन स्थायिक झाले. सोलापुरात दोशी घराण्याची पेढी सावकारी व कापसाचा व्यापार यांसाठी प्रसिद्ध होती. वडील हिराचंद नेमचंद हे व्यापारात दक्ष व धर्मकार्यात तत्पर असे गृहस्थ होते. सोलापूरच्या ‘जैन बोधक’ या नियतकालिकाशी त्यांचे नाव निगडित आहे. अशा घरी २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंदांचा जन्म झाला. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांची आई निवर्तली. सोलापुरात शालेय शिक्षण आटोपून ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात व नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. परंतु पदवी न घेताच त्यांस घरच्या धंद्यात यावे लागले.

पेढीवर बसलेल्या तरुण वालचंदांचे मन पेढीत रमले नाही. धान्याच्या व कापसाच्या व्यापारात त्यांनी हात घालून पाहिला व त्यात ठोकरही खाल्ली. याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक या गृहस्थांशी पडली. फाटक हे रेल्वेतील कारकून; त्यांस बांधकामाची माहिती होती, पण भांडवल नव्हते. वालचंदांपाशी घराण्याची पत होती, पण कामाची माहिती नव्हती. दोघांनी भागीदारी केली व बार्शी लाईट रेल्वेच्या विस्ताराचे काम मक्त्याने घेतले. एक ब्राह्मण कारकून व एक जैन सावकारपुत्र यांची ही जोडी त्या काळच्या सोलापुरास नवलाची वाटली असल्यास आश्चर्य नाही. वडिलोपार्जित पेढीचा पैसा माती, खडी व रूळ यांत जाण्याचा हा पहिला प्रसंग होय.

मक्तेदारीने शेठजींस दोन गोष्टी शिकविल्या असे आम्हांस वाटते. पहिली ही, की मोठे काम अंगावर घेण्यास प्रथम माणसांची व साधनांची जमवाजमव करावी लागते आणि पैसा मागून येतो. दुसरी ही, की एकट्या घराण्याच्या तिजोरीने असली कामे होत नाहीत. इतरांचे भांडवल, इतरांचे ज्ञान व सरकारदरबारची अनुमती ही तिन्ही गोळा करावी लागतात. १९२० साली टाटांच्या सहकार्याने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली, तेव्हा हे शिक्षण उपयोगी पडले. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे व तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणारे नळ, ही या काळातील प्रमुख कामे होत. मुंबईहून पुण्यास जाताना गाडी बोगद्यात शिरते, तेव्हा सह्याद्रीच्या पोटातील त्या कामामागे आपल्या एका समाजबंधूची जिद्द होती, याची आठवण आपल्या मुलांस अवश्य करून द्यावी. १९२६ साली त्यांनी इंडियन ह्यूम पाईप कंपनी काढली. साचा वेगाने फिरवून सिमेंट काँक्रीटचे नळ तयार करण्याची युक्ती ऑस्ट्रेलियातील ह्यूम यांनी शोधली होती. ती शेठजींनी या देशात रुजविली.

परंतु शेठजींचे नाव देशभर झाले ते जहाजांच्या धंद्यामुळे. पहिले महायुद्ध संपले तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट विक्रीस निघाली होती. युद्धात तिचा उपयोग रुग्णालय म्हणून केला गेला होता. आगगाडीच्या प्रवासात सहप्रवाशांच्या बोलण्यातून शेठजींच्या कानी ही वार्ता आली, असे सांगतात. त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास यांच्या साहाय्याने ती घेतली आणि १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबई बंदरातून लंडनकडे निघाली. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो, तो याच सफरीच्या स्मरणार्थ होय.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हांस अवश्य वाटते. ‘लॉयल्टी’ ही नवी बोट नव्हती. ती १८९१ साली बांधलेली, अनेक वर्षे प्रशांत महासागरात चाललेली जुनी बोट होती व १९२३ साली ती मोडीत निघाली. बोट गेली, पण कंपनी टिकली. मात्र टिकण्याची किंमत भारी पडली. इंग्रज कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर पाडले. ज्याच्यापाशी शंभर बोटी आहेत तो एका मार्गावर तोटा सोसून दुसऱ्या मार्गावर तो भरून काढतो. ज्याच्यापाशी मोजक्याच बोटी आहेत त्यास हे साधत नाही. शेवटी १९२३ साली सिंदिया कंपनीस ब्रिटिश इंडिया कंपनीशी दहा वर्षांचा करार करावा लागला. त्या अन्वये तिच्या जहाजांच्या टनभारास मर्यादा पडली व तिला किनाऱ्यावरील मालवाहतुकीत समाधान मानावे लागले. शेठजींस ही मर्यादा फार जाचली. १९२९ साली नरोत्तम मोरारजी यांचे अपघाती निधन झाल्यावर कंपनीचे अध्यक्षपद शेठजींकडे आले व पुढे सुमारे एकवीस वर्षे त्यांनी ते सांभाळले. जहाजे दुसऱ्याकडून विकत घेणारा देश कायमचा परतंत्र राहतो, ही त्यांची धारणा याच अनुभवातून पक्की झाली असावी.

आगबोटींशी झगडा चालू असतानाच शेठजींचे लक्ष शेतीकडे गेले होते. नाशिक जिल्ह्यात मालेगावाजवळ रावळगाव येथे त्यांनी १९२३ साली मोठी जमीन घेतली. पुढे पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर, कळंब गावाच्या परिसरात दुसरी वसाहत उभारली. तीच आजची वालचंदनगरी. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविण्याचा कायदा केला आणि त्यानंतर या दोन्ही ठिकाणी साखर कारखाने उभे राहिले. साखरेचा कारखाना म्हणजे बसत्या भांडवलाचा उत्तम नमुना आहे. ऊस तोडल्यापासून त्यातील साखर घटू लागते, म्हणून कारखाना उसाजवळच असावा लागतो. गाळप हंगाम काही महिन्यांचा. परंतु यंत्रांवरील व्याज बारा महिने चढते. कारखान्यासाठी रस्ते, घरे, शाळा व दवाखाने हेही आपणच बांधावे लागतात, कारण माळरानावर यांपैकी काहीच नसते. अर्थात कारखाना काढणे म्हणजे गाव वसविणे होय. रावळगावच्या गोळ्या-चॉकलेटांनी पुढे महाराष्ट्रातील मुलांच्या कित्येक पिढ्यांचे तोंड गोड केले. वालचंदनगरच्या कारखान्यातून साखर व सिमेंट यांची यंत्रसामग्री बाहेर पडली आणि कालांतराने अणुशक्ती व अंतराळ कार्यक्रमांसाठी लागणारे भागही तेथे तयार झाले. कळंबच्या माळावर रोवलेल्या भांडवलास एवढी दूरवर फळे आली.

आता ज्या तीन उद्योगांमुळे शेठजींची कीर्ती झाली आणि ज्यांत त्यांस सर्वाधिक मनःस्ताप झाला, त्यांकडे वळू. हे तिन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहेत.

पहिला विमानांचा. १९३९ साली एका प्रवासात शेठजींची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी ओळख झाली. पॉली यांस चीनमधील विमान कारखान्याचा अनुभव होता. शेठजींनी लागलीच योजना आखली. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जमीन व भांडवल देऊ केले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. अधिकृत भांडवल ४ कोटी रुपयांचे होते. १९४१ साली हिंदुस्थान सरकारही २५ लाख रुपये घालून एक-तृतीयांश भागाचे धनी झाले. त्याच वर्षी कारखान्यात जुळविलेले पहिले शिकाऊ विमान आकाशात उडाले. परंतु जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपले आणि एप्रिल १९४२ मध्ये सरकारने शेठजींचा भाग विकत घेऊन त्यांस बाजूस केले. कारखाना काढून दीड वर्षही झाले नव्हते. पैसा परत मिळाला हे खरे. परंतु उभे केलेले काम हातून गेले, याचे मूल्य रुपयांत कसे मोजावे?

दुसरा उद्योग जहाजबांधणीचा. त्यासाठी खोल पाणी, वादळापासून आडोसा, रेल्वेचा सांधा आणि जहाज ज्यावरून पाण्यात सोडतात तो भक्कम बांधीव उतार, इतक्या गोष्टी एके ठिकाणी जुळाव्या लागतात. कलकत्त्याचा विचार झाला, पण तेथे मनासारखी व्यवस्था होईना. अखेर पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टण निश्चित झाले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी, ६ एप्रिल १९४२ रोजी, जपानी विमानांनी विशाखापट्टणवर बाँब टाकले व कामास मोठीच खीळ बसली. युद्ध संपल्यावर १९४६ साली पहिल्या जहाजाची बांधणी सुरू झाली आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ‘जलउषा’ हे सुमारे ८००० टनांचे जहाज पाण्यात उतरले. कोनशिलेपासून पहिल्या जहाजापर्यंत जवळजवळ सात वर्षे गेली. सात वर्षे पैसा जात होता व येत काहीच नव्हते. बरे, जहाज झाल्यावर तरी नफा व्हावा, तर तेही नाही. येथे बांधलेले जहाज विलायतेत बांधलेल्या जहाजाहून महाग पडे, आणि किंमतीतील तो फरक सरकारने सोसल्यावाचून गिऱ्हाईक मिळणे अशक्य होते. १९५२ साली सरकारने दोन-तृतीयांश भाग घेऊन हिंदुस्थान शिपयार्ड ही कंपनी स्थापिली व १९६१ साली ती संपूर्णपणे सरकारच्या मालकीची झाली.

तिसरा उद्योग मोटारींचा. सर विश्वेश्वरय्या यांनी या देशात मोटारींचा कारखाना निघावा म्हणून योजना तयार केली होती व शेठजींनी ती उचलून धरली. अमेरिकेत जाऊन फोर्ड व क्रायस्लर या कंपन्यांशी बोलणी केली, क्रायस्लरशी जमले. परंतु युद्धकाळात सरकारने साहाय्य नाकारले. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स कंपनी स्थापन झाली आणि मुंबईजवळ कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ साली गाड्या बाहेर पडू लागल्या. आरंभी परदेशातून आलेले भाग जुळविणे एवढेच काम होते. हळूहळू एकेक भाग येथे घडू लागला. कोणत्याही देशात मोटार अशीच तयार होते, कारण एका मोटारीमागे शेकडो लहान कारखाने उभे राहावे लागतात. कुर्ल्याच्या कारखान्यातील पुढच्या काळातील फियाट व प्रीमिअर पद्मिनी गाड्या मुंबईच्या टॅक्सी म्हणून अनेक दशके धावल्या. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीने २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला, तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले.

या कथनावरून शेठजी सर्वथा निर्दोष होते असे प्रतिपादन करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्या हयातीतच त्यांच्यावर टीका झाली. कल्पना मोठ्या व स्वतःचे भांडवल मानाने थोडे, एक काम पुरे होण्याच्या आत दुसऱ्यास हात, भागधारकांच्या पैशावर साहसाची हौस, असे आक्षेप घेतले गेले. त्यांत काहीच तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. अवजड उद्योगात एकाच वेळी अनेक ठिकाणी पाय रोवणाऱ्यास एका ठिकाणची टंचाई दुसऱ्या ठिकाणी जाणवते, आणि ज्यांचा पैसा त्यात आहे त्यांनी वर्षानुवर्षे लाभांशावाचून कळ काढावी ही अपेक्षाही कठीणच. तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. परकीय सत्तेच्या काळात संधी क्वचित येत असे व आली तर क्षणभरच टिकत असे. शांतपणे भांडवल साठवून मग कारखाना काढू म्हणणाऱ्यास त्या काळी विमानाचा वा जहाजाचा कारखाना काढताच आला नसता. तारतम्याचा मार्ग कोठे सोडावा आणि कोठे धरावा, याचा निर्णय ज्याचा त्यानेच करावा लागतो, आणि त्याचे बरेवाईट फळही त्यानेच सोसावे लागते.

शेठजींनी ते सोसले. व्यापारी संघटनांचे कार्यही त्यांनी केले. १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली व भारतीय व्यापारी-उद्योगपतींच्या मध्यवर्ती महासंघाचे ते १९३२-३३ साली अध्यक्ष होते. अखंड श्रमांनी शरीर थकले. १९४९ साली पक्षाघाताचा झटका आला व १९५० साली त्यांनी कामातून निवृत्ती पत्करली. अखेरच्या दिवसांत पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय व सोलापूरचे वालचंद महाविद्यालय आज त्यांचे नाव चालवीत आहेत.

हिशेबाच्या वहीत पाहू गेल्यास या आयुष्याची बेरीज विलक्षण दिसते. विमानांचा कारखाना सव्वा वर्षात हातून गेला. जहाजांचा कारखाना शेठजी शय्येवर असताना सरकारकडे गेला. मोटारींचा कारखाना त्यांच्या पश्चात अर्धशतक चालून २००० सालच्या सुमारास थांबला. सावकाराच्या दृष्टीने पाहता मुद्दल बुडाले असेच कोणी म्हणेल. परंतु बंगळुरास त्यांनी पाया घातलेला कारखाना १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाला व देशाच्या विमानदलास विमाने पुरवू लागला. विशाखापट्टणास जहाजे बांधली जाऊ लागली. तेथे शिकलेले फिटर, ड्राफ्ट्समन व अभियंते देशभर पसरले. यंत्रे झिजली, मालक बदलले, पण हातास आलेले कसब नाहीसे झाले नाही. हे मुद्दल कोणत्या खात्यावर टाकावे, याचे उत्तर आपल्या जुन्या वह्यांत सापडत नाही.

असो. आपल्या समाजात आज पैसा नाही असे नाही, बुद्धी नाही असेही नाही. तरीही मुलगा कारखाना काढावयाचा म्हणाला, की वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो पैसा केव्हा सुटेल हा. प्रश्न रास्त आहे. हिराचंद शेठजींच्या पेढीवरही तो विचारला गेला असेल. आमचे म्हणणे एवढेच, की त्यापाठोपाठ आणखी दोन प्रश्न विचारले जावेत : दहा वर्षे पैसा सुटला नाही तर तग धरण्याची आपल्या घराची तयारी आहे काय, आणि उद्या मालकी गेली तरी मागे उभे राहील असे त्यात काही आहे काय? या दोन्ही प्रश्नांस होकार देता येत असेल, तर त्या मुलास घरच्यांनी अडवू नये. एकट्या घरास भार पेलवत नसेल तर चार घरांनी एकत्र यावे, आणि कसब जाणणारा भागीदार समाजाबाहेरचा असेल तर त्यासही आदराने जवळ करावे. वालचंदांनी लक्ष्मणराव फाटकांचा हात धरला, तेथूनच या साऱ्या कथेचा आरंभ झाला होता.